किती टाकू?

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालं की वाटेत मूल लागतं. म्हणजे मूल नावाचं गाव, तालुक्याचं ठिकाण. माझी मावसबहीण तिथे दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा आमच्या नातेवाइकांपैकी कुणाला तरी कोटी सुचली, "मूलला राहून मूल नाही." कोटी म्हणून वाईट नाही. पण ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ताईसमोर नव्यानं व्हायची, आणि ताई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायची.

२००७ साली ताई-भाऊजींनी धानाचं दोन एकर वावर विकलं आणि नागपूरच्या एका दवाखान्यात आयव्हीएफ केलं, म्हणजे आपल्या बोलीत टेस्ट ट्यूब बेबी. मी तेव्हा पुण्यात नोकरीला नवा. नेमकं काय चाललंय हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात असल्या गोष्टी बायकांच्या खोलीत बोलतात. पुढचा प्रसंग ताईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितला.

ती टेबलावर झोपलेली. डॉक्टरांनी दारातून भाऊजींना विचारलं, "तीन चांगले झालेत. किती टाकू?"

भाऊजी म्हणाले, "जेवढे हायेत तेवढे टाका न साहेब. ठेवून काय करता?"

झालं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनापैकी दोन रुजले. एकतिसाव्या आठवड्यात दोन मुली झाल्या, एक चौदाशे ग्रॅमची आणि दुसरी अकराशेची. धाकटी आठव्या दिवशी गेली. थोरली आता बारावीत आहे, आणि गणितात माझ्यापेक्षा हुशार आहे.

त्या वेळी सगळे म्हणाले, नशीब. मीही म्हणालो. पण पेशानं मी सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की लॉग उघडून मागे मागे जायची सवय. 'किती टाकू?' या प्रश्नाचा लॉग उघडला आणि थेट १८९० सालापर्यंत गेलो. तर मंडळी, या शनिवार-रविवारचा लेख त्यावर.

एका मादीतला भ्रूण काढून दुसरीत ठेवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग वॉल्टर हीप नावाच्या इंग्रजानं २७ एप्रिल १८९० ला केला. अंगोरा जातीच्या सशिणीचे दोन भ्रूण त्यानं बेल्जियन सशिणीच्या पोटात ठेवले. तिला सहा पिल्लं झाली, चार तिची स्वतःची आणि दोन पांढरी अंगोरा. दोन ठेवले, दोन मिळाले. सशांना सहा पिल्लांचं काही वाटत नाही, सशिणीचं शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. बाईचं नाही. सगळा घोळ इथेच सुरू होतो.

माणसांत हे जमायला अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमच्या इस्पितळात लुईझ ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी या तिघांनी हे केलं. आता गंमत बघा. तिच्या आईला हार्मोनची इंजेक्शनं दिलेली नव्हती. महिन्याला नैसर्गिकपणे एक बीज तयार होतं तेवढंच काढलं, त्याचा एकच भ्रूण झाला, तोच परत ठेवला. मूल एक, वजन साधारण २.६ किलो. म्हणजे जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी हे एका भ्रूणाचं. हे वाचेपर्यंत माझी समजूत उलटी होती. मला वाटायचं, सुरुवातीला अडाणीपणानं चार-पाच टाकत असतील, मग हळूहळू शहाणे झाले असतील.

तर मग एकाचे तीन कधी झाले? एका बिजावर सगळा डाव लावला की यश फार थोड्यांना मिळतं. म्हणून १९८०च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी औषधं देऊन एका वेळी अनेक बिजं पिकवायला सुरुवात केली. यश वाढलं. पण आता हातात चार-पाच भ्रूण उरायला लागले आणि ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. फेकायला जीव होत नाही. मग ठेवा आईच्याच पोटात! १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात आयव्हीएफची पहिली जुळी झाली, १९८३ मध्ये तिळी, १९८४ मध्ये चौघं. वर्तमानपत्रांत फोटो आले, चार टोपड्यातली चार बाळं. तो विजय म्हणूनच छापला गेला.

इथे कोलकात्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लुईझनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी आपल्याही प्रयोगातून मुलगी झाल्याचं जाहीर केलं. दुर्गा. त्यांची पद्धत अशी होती: औषधं देऊन अनेक बिजं पिकवायची, भ्रूण गोठवून ठेवायचा, आणि शरीर औषधांमधून सावरल्यावर पुढच्या एखाद्या पाळीत तो आत ठेवायचा. आज जगभरच्या मोठ्या दवाखान्यांत हेच चालतं. सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांचा दावा फेटाळला. पुढे त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' याच प्रकरणावरून सुचलेला.

यात महाराष्ट्राचा वाटा असा. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली, ते भारतातलं पहिलं व्यवस्थित नोंदवलेलं टेस्ट ट्यूब बाळ. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं ते काम. पुढे आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची कागदपत्रं आली, त्यांनी ती तपासली आणि १९९७ मध्ये स्वतःच लेख लिहून सांगितलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या नावापुढचं 'पहिला' आपल्या हातानं खोडणारा माणूस मी तरी दुसरा वाचलेला नाही. आमच्या क्षेत्रात लोक दुसऱ्याच्या कोडवर आपलं नाव टाकतात :)

असो. मुद्द्यावर येतो. भाऊजींचा "ठेवून काय करता?" हा प्रश्न बिनतोड होता का? तर नाही. त्याचं उत्तर गोठवणं हेच, आणि ते आपल्या खेड्यातल्या माणसाला अजिबात नवीन नाही. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघं कोंबड्याचं वीर्य गोठवायचा प्रयत्न करत होते. साखरेचं द्रावण म्हणून घेतलेल्या बाटलीची चिठ्ठी चुकलेली होती, आत निघालं ग्लिसरीन, आणि शुक्राणू जगले! तिथून ही विद्या बैलांकडे गेली. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ काढली आणि गोठवलेल्या वीर्याचे डबे खेडोपाडी नेले. मूल-सावली भागात गाय माजावर आली की मोटारसायकलवर नायट्रोजनचा डबा लावून माणूस येतो, हे भाऊजींनी शंभरदा पाहिलेलं. उणे १९६ अंशांची ती वाफ लहानपणी आम्हीही तोंड वासून बघायचो. त्या डब्याला वीज लागत नाही, नायट्रोजन भरत राहिला की झालं. माणसाचा भ्रूण गोठवून राहिलेली पहिली गर्भधारणा मेलबर्नहून १९८३ मध्ये नोंदवली गेली आणि गोठवलेल्या भ्रूणातून तिथलं पहिलं बाळ १९८४ मध्ये जन्मलं. सुरुवातीच्या संथ पद्धतीत बरेच भ्रूण वितळवताना मरायचे. पुढे २०००च्या दशकात झटक्यात काचेसारखं गोठवण्याची पद्धत आली आणि बहुतेक जगायला लागले.

आता गणित. घाबरू नका, दहावीचं आहे. समजा एक भ्रूण रुजून मूल होण्याची शक्यता ३० टक्के. (खरं तर हे भ्रूण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, गर्भाशय एकच असतं, आणि वय वाढलं की हे तीस झपाट्यानं घसरतात. पण ढोबळ हिशेबाला चालेल.) शंभर जोडपी घेऊ. सगळ्यांना तीन-तीन टाकले तर ६६ घरांत पाळणा हलतो. त्यांतल्या ४४ घरांत एक मूल, १९ घरांत जुळी, ३ घरांत तिळी. म्हणजे ज्यांना दिवस जातात त्यांच्यापैकी दर तिसऱ्या बाईला एकाहून जास्त. दोन-दोन टाकले तर ५१ घरांत आनंद, त्यांतल्या ९ घरांत जुळी.

आता एकच टाकू. ३० जणींना मूल. उरलेल्या ७० जणींना पुढच्या महिन्यात गोठवलेला दुसरा टाकू, त्यांतल्या २१ जणींना मूल. बेरीज ५१. तेवढीच! फक्त जुळी जवळजवळ शून्य. जवळजवळ म्हणतो, कारण एकाच भ्रूणाचे आपणहून दोन होणं हे निसर्ग अधूनमधून करतोच. तिसराही असाच नंतर टाकला तर पुन्हा ६६. तिन्ही सर्व्हर एकदम चालू करायची गरजच नव्हती, एक पडला की दुसरा चालू केला तरी चाललं असतं. हे आम्ही कंपनीत रोज करतो आणि मला ते ताईच्या बाबतीत दहा वर्षं सुचलं नाही.

हे नुसतं कागदी नाही. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांनी छत्तिशीच्या आतल्या ६६१ बायकांवर हाच प्रयोग केला, २००४ मध्ये छापला. निम्म्या बायकांना दोन भ्रूण एकदम. उरलेल्यांना एक, आणि मूल झालं नाही तर गोठवलेला आणखी एक. मूल घरी आलं ते पहिल्या गटात ४२.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८.८ टक्के बायकांच्या. चार टक्क्यांचा तोटा, तो आहे, लपवायचं कारण नाही. आणि बाळंतपणांपैकी जुळ्यांची किती? पहिल्या गटात ३३.१ टक्के, दुसऱ्यात ०.८.

जुळी झाली तर बिघडलं काय, असं कुणीही विचारेल. एकाच खर्चात दोन! ताईच्या सासूबाईंनी पेढे वाटले होते. तर बिघडतं ते आठवड्यांत आणि ग्रॅममध्ये. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आत येतात, तिळी जवळपास सगळीच. आईला रक्तदाब, पांडुरोग, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सगळ्याचा धोका वाढतो. आमच्या भागात सिकलसेल घरोघरी, त्यात हे.

आणि दीड किलोचं बाळ म्हणजे काय, याचा जगातला एक उत्तम हिशेब आमच्याच गडचिरोलीत मांडला गेलाय. ऑगस्ट १९८२ मध्ये चंद्रपूरमधून काढून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. काही वर्षांतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे आले आणि त्यांनी 'सर्च' उभी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये राणीताईंचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तर ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात आठसुद्धा धड नव्हत्या. अंगावर काढलेला जंतुसंसर्ग पुढे गर्भनलिका बंद करतो. क्षयही करतो. ताईच्या नळ्या जुन्या क्षयानंच बंद झाल्या होत्या. लग्नाआधी वर्षभर ताप यायचा, तेव्हा मावशी म्हणायची, "उन्हात फिरते न, म्हणून." त्या वेळी निदान झालं असतं तर सरकारी गोळ्या फुकट होत्या आणि वावर विकायची पाळी कदाचित आली नसती.

मग बंग दांपत्य तान्ह्या बाळांकडे वळलं. ३९ गावांत कामाचा प्रयोग, ४७ गावं तुलनेला. १९९३ ते ९५ या काळात हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. जन्मणाऱ्यांतली सुमारे ४२ टक्के अडीच किलोच्या आतली. इस्पितळ लांब, पावसाळ्यात नाल्याला पूर. म्हणून गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना शिकवलं, त्यांचं नाव आरोग्यदूत. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, घशातला चिकटा ओढायची नळी, जंतुसंसर्ग झालाच तर द्यायचं औषध आणि इंजेक्शन. बाळाला आंघोळ घालायची घाई करायची नाही, गुंडाळून उबेत ठेवायचं, अंगावरचं दूध काढून थोडंथोडं पाजायचं, आणि महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जाऊन बघायचं. तीन वर्षांत ६२ चे साधारण २५ झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे आशा ताईंच्या देशभरच्या कामात शिरलं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा आकडा मला सगळ्यात मोठा वाटतो. पूर्वी शंभरातली ३३ जायची, नंतर १०.

मी हे आकडे वाचले तेव्हा चौदाशे आणि अकराशे हे दोन आकडे माझ्या डोक्यात आधीपासून होतेच. एकीकडे कुरखेड्या-धानोऱ्याकडची आरोग्यदूत बाई एकेक बाळ शंभर-शंभर ग्रॅमनं वाढवतेय, रात्री कंदील घेऊन थर्मामीटर लावतेय. आणि त्याच काळात मोठ्या शहरांत, मुंबई घ्या नाहीतर लंडन, दोन-तीन भ्रूण एकदम टाकून दीड-दीड किलोची बाळं आपण ठरवून जन्माला घालतोय. नैसर्गिक जुळ्यांना कुणाचा इलाज नाही. ही जुळी मात्र एका प्रश्नाच्या उत्तरातून आलेली. त्यातही शहरातली बाई बाळंतपणाला पेटीच्या शेजारीच असते. आमच्याकडची बाई भ्रूण नागपुरात ठेवून घेते आणि सातव्या महिन्यात कळा येतात तेव्हा ती मूल-सावलीत असते.

मग इतर देशांनी काय केलं? इंग्लंडनं आधी तिनाची मर्यादा घातली, मग चाळिशीच्या आत दोनाची, आणि नंतर 'एका वेळी एक' अशी मोहीमच काढली. १९९०च्या दशकात तिथे आयव्हीएफच्या बाळंतपणांपैकी चारात एकाहून जास्त जुळी-तिळी होती, २०१९ मध्ये शंभरात ६. स्वीडननं २००३ पासून एक हाच नियम केला. बेल्जियमची युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण ती हिशेबनिसाची आहे. २००३ मध्ये सरकार म्हणालं, आयव्हीएफच्या सहा खेपांचा प्रयोगशाळेचा खर्च आम्ही देतो, पण तरुण बाईला पहिल्या खेपेला एकच भ्रूण. जुळी कमी झाल्यानं बाळांच्या अतिदक्षता विभागाचा जो खर्च वाचेल त्यातूनच हे पैसे निघतील. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर २००९ चं कॅलिफोर्निया. बारा भ्रूण टाकले, आठ मुलं झाली. त्या डॉक्टरचा परवाना २०११ मध्ये गेला.

आपल्याकडे आयसीएमआरनं २००५ मध्ये सांगितलं की अपवाद सोडता तीनपेक्षा जास्त नको. म्हणजे २००७ सालच्या त्या डॉक्टरांनी नियम मोडला नव्हता, हेही लिहून ठेवतो. २०२१ मध्ये कायदा आला, दवाखान्यांची नोंदणी आली. सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत तर दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या बाईच्या पोटात एका वेळी एकच भ्रूण ठेवावा असं स्पष्ट आहे, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत.

पण मला विचाराल तर अडतं नियमावर नाही, पैसे भरायच्या पद्धतीवर. आपल्याकडे पैसे खेपेला मोजून खिशातून जातात. एका खेपेला वावर विकलेल्या माणसाला 'एक आता, एक पुढच्या महिन्यात' हे गणित दाखवून उपयोग नाही, त्याच्याकडे पुढचा महिना नसतो. शिवाय नागपूरला जायचं तर चार तास बस, राहायला नातेवाइकांचं घर, आणि तिथे कारण काय सांगायचं? दवाखान्याच्या जाहिरातीत यशाचे टक्के असतात, अकराशे ग्रॅम नसतात. आणि बाळ पेटीत ठेवायचं बिल वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या महिन्यात येतं. भाऊजींचं उत्तर त्यांच्याजवळच्या माहितीवर आणि पैशावर अगदी बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, इंजिनीअर असून.

मागच्या दिवाळीला मूलला गेलो होतो. तीस, एकवीस, एक्कावन्न हा हिशेब ताईला वहीत करून दाखवला. भाचीनं शेजारून माझी एक बेरीज सुधारली. ताई बराच वेळ वहीकडे बघत होती. मग म्हणाली, "सांगितलं असतं बाबू, तर थांबलो असतो न आम्ही. सात वर्षं थांबलोच होतो." आणि उठून कपाटातून जुनी फाइल घेऊन आली. जमिनीचे कागद, क्षयाचे एक्स-रे आणि ही फाइल, सगळं तिनं एकाच पिशवीत ठेवलंय.

त्यात संमतीचा कागद होता, सगळा इंग्रजीत. मधे एका रिकाम्या जागी पेनानं ३ लिहिलेलं. खाली दोघांच्या सह्या, ताईची मराठीत. सह्यांच्या वर एक छापील ओळ होती: उरलेले भ्रूण गोठवून ठेवायचे आहेत का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. दोन्ही कोऱ्या होत्या.